पडद्यावरचा काळ आणि समोर बसलेली माणसे

१८ मे २०१९ रोजी, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी, स्टार प्रवाह वाहिनीवर बाबासाहेबांच्या जीवनावरील मराठी मालिका सुरू झाली. आरंभीच्या भागांत लहानग्या भीमाचे बालपण होते. शाळेतले वेगळे बसणे, पाण्यासाठी दुसऱ्याच्या हाताकडे पाहणे, हे सारे घरोघरी दिसू लागले होते. जूनमध्ये महाविद्यालय उघडले तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीत एक ज्येष्ठ सहकारी मला म्हणाले, "मॅडम, काय दिवस होते हो ते! बरे झाले, आता तसे काही राहिले नाही." ते मनापासून बोलत होते, त्यांच्या आवाजातला गहिवर खोटा नव्हता. त्याच आठवड्यात मी गावी गेले. आई मालिका पाहत बसली होती. मी तिला म्हटले, "आई, किती जुन्या काळातलं आहे ना हे?" तिने पडद्यावरची नजर न काढता म्हटले, "ह्यात जुनं काय हाय गं? कापडं तेवढी जुनी हायत."

सहकारी आणि आई यांनी एकच प्रसंग पाहिला होता. दोघांनाही तो भिडला होता. पण एकाला त्यातून विसावा मिळाला आणि दुसरीला साक्ष. मी इतिहास शिकवते, आणि तेव्हापासून हे दोन उद्गार माझा पिच्छा सोडत नाहीत. ऐतिहासिक मालिका लोकांना का आवडतात, असे विचारले की नटांची कामे, वाडे, दागिने, शीर्षकगीत अशी कारणे सांगितली जातात. ती खोटी नाहीत, पण वरवरची आहेत. खरा प्रश्न असा आहे की पडद्यावर दाखवलेला काळ समोर बसलेल्या माणसाच्या लेखी संपला आहे की नाही? ज्याचा तो संपला आहे तो मालिका एका रीतीने पाहतो. ज्याचा तो संपलेला नाही तो दुसऱ्या रीतीने. गेल्या काही दशकांतील निवडक मालिका समोर ठेवून हे तपासून पाहण्याचा येथे प्रयत्न करते.

आरंभ १९८७-८८ पासून करावा लागेल. २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी ती देशभर पाहिली गेली. काटेकोर बोलायचे तर ती ऐतिहासिक मालिका नव्हे, पुराणकथा. पण असंख्य प्रेक्षकांनी ती इतिहास म्हणूनच पाहिली, आणि प्रेक्षक काय मानतो हाच येथे आपला विषय आहे. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. वडिलांकडून जे ऐकले ते सांगते. गावात पहिला संच आला तो वाड्यावर. रविवारी वाड्याचा ओटा भरून जाई. आपली माणसे ओट्याखाली, अंगणात उभी राहून पाहत. कोणी त्यांना तसे सांगितले नव्हते. सांगावे लागत नव्हते. पडद्यावर राम शबरीची बोरे खाई तेव्हा ओट्यावरच्या बायका डोळे पुसत आणि अंगणातल्या बायकाही पुसत. पण चहाचे कप फिरत ते ओट्यावरच.

पुढे आमच्या वस्तीने वर्गणी काढून एक कृष्णधवल संच घेतला आणि समाजमंदिरात ठेवला. किल्ली वडिलांकडे असे. पहिल्याच रविवारी वाद उभा राहिला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली दुसरीच प्रतिज्ञा राम आणि कृष्ण यांना देव न मानण्याची. त्या तसबिरीखाली रामायण लावायचे कसे? म्हातारी माणसे अडून बसली. तरुणांचे म्हणणे, आपण पूजा थोडीच करतो आहोत, पाहतो आहोत. शेवटी रविवारी सकाळी संच बंद ठेवायचे ठरले. वडील हसत सांगतात, त्या वेळी समाजमंदिर रिकामे असे आणि वाड्याचे अंगण पुन्हा भरलेले. आपल्या समाजाचा हा पेच मला महत्त्वाचा वाटतो. नकार देणारी आणि अंगणात उभी राहणारी माणसे वेगळी नव्हती. एकाच घरात दोन्ही होती. कधी एकाच मनात.

त्याच काळात महाराष्ट्रात काय चालले होते ते आठवावे. बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील राम आणि कृष्ण यांच्याविषयीच्या परिशिष्टावरून गदारोळ उठला; जानेवारी १९८८ मध्ये ते काढून टाकण्याच्या मागणीसाठी मोर्चे निघाले. त्याला उत्तर म्हणून ५ फेब्रुवारी १९८८ ला मुंबईत दलितांचा प्रचंड मोर्चा निघाला. अखेर परिशिष्ट ग्रंथात राहिले. शासन या मतांशी सहमत नाही, अशी टीप मात्र जोडली गेली. रविवारी सकाळी पडद्यावरचा राम आणि आठवडाभर रस्त्यावर 'रिडल्स'चा झगडा, असे ते दिवस होते. रामाची जी कथा पडद्यावरून निर्विवाद सत्य म्हणून येत होती, तिला एक माणूस लिखित स्वरूपात प्रश्न विचारतो हेच अनेकांना सहन झाले नाही. वडिलांच्या पिढीतील कित्येकांनी तो खंड हाती धरला तो त्या वादानंतर.

आता उत्तरेकडे पाहू. हीच मालिका संपत आली तेव्हा पंजाबातील जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. ते वाल्मीकी समाजाचे. मालिका रामाच्या राज्याभिषेकावर थांबू नये, पुढचा भाग दाखवावा, ही त्यांची मागणी. पुढच्या भागात वाल्मीकी येतो. टाकून दिलेल्या सीतेला आश्रय देतो, तिच्या मुलांना शिकवतो. ज्याला ते आपला आदिगुरू मानतात तोच पडद्याबाहेर राहणार होता. पुढे 'उत्तर रामायण' पडद्यावर आलेही. सफाई कामगारांनी मालिकेसाठी संप करावा याचे अनेकांना हसू आले. आपल्यातल्याही काहींना ती गुलामीची खूण वाटली. मला तसे वाटत नाही. मुंबईच्या मोर्चातील माणूस म्हणत होता, ही कथा आम्हांला मान्य नाही. जालंधरचा कामगार म्हणत होता, या कथेत आमचा माणूस कुठे आहे ते दाखवा. दोघेही अंगणात उभे राहून पाहण्यास नकार देत होते. फरक एवढाच की जालंधरला मागणी मान्य झाल्यावर वाल्मीकी आश्रमात बसला आणि कामगाराच्या हातातला झाडू हातातच राहिला. पडद्यावर जागा मिळणे आणि गावात जागा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या संपाने शिकवावे.

खऱ्या अर्थाने ऐतिहासिक अशी मराठी मालिका त्याच सुमारास येऊन गेली होती. रणजित देसाई यांच्या 'स्वामी' या कादंबरीवरून गजानन जागीरदार यांनी केलेली मालिका १९८७ मध्ये मुंबई दूरदर्शनने दाखवली. माधवराव आणि रमाबाई यांच्यावर एका मोठ्या मराठी वर्गाने जीव ओवाळून टाकला. तरुण, कर्तबगार, क्षयाने खंगत जाणारा पेशवा आणि त्याच्यामागे थेऊरला सती जाणारी त्याची पत्नी, ही कहाणी हृदयाला हात घालणारी आहे हे मी नाकारत नाही. पण ज्या १९८७ साली ही मालिका घरोघरी पाहिली गेली त्याच वर्षीच्या सप्टेंबरात राजस्थानातील देवराला येथे रूपकुंवर या तरुण विधवेला चितेवर जाळले गेले. पडद्यावरील रमाबाईला हात जोडणाऱ्या आणि देवराल्याच्या बातमीने हादरणाऱ्या घरांत किती घरे एकच होती, हा प्रश्न विचारायला हवा होता. रेशमी वस्त्रे घातली की क्रौर्यसुद्धा परंपरा म्हणून शोभून दिसते, ही अशा मालिकांची ताकद आहे आणि भीतीही.

आणि पेशवाई म्हटली की आपल्या घरात काय आठवते? गळ्यात मडके, कमरेला झाडू. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात ही आठवण नोंदवून ठेवली. त्याआधी ऐंशी वर्षे, १८५५ मध्ये, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील चौदा वर्षांच्या मुलीने 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यासमोरून मांग-महार गेला तर त्याच्या शिराशी काय खेळ होई, ते तिने त्यात सांगितले आहे. पेशवाई बुडून तेव्हा चाळीस वर्षेही झाली नव्हती. म्हणजे तिच्या आजीने पाहिलेला काळ होता तो. मालिकेतला वाडा आपण पाहतो तेव्हा तो इतका स्वच्छ दिसतो की तो झाडला कोणी, असा प्रश्न कुणालाच पडत नाही. आपल्या प्रेक्षकाला मात्र तो पडतो. अशा मालिका पाहताना माझे वडील एकच गोष्ट बोलत : "आपला माणूस अजून आला न्हाई." आला तरी तो मशाल धरून, तोंड फिरवून उभा असे. त्याला नाव नसे.

नाव असलेला एक माणूस मात्र १९८८ च्या जानेवारीत पडद्यावर आला. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी केलेली 'तमस' ही मालिका फाळणीच्या दंगलींची. तिची सुरुवात नत्थूपासून होते. नत्थू चांभार. त्याला एकजण पाच रुपयांची नोट देतो आणि डॉक्टरसाहेबांना हवे आहे असे खोटेच सांगून डुक्कर मारायला लावतो. ते डुक्कर सकाळी मशिदीच्या पायरीवर सापडते आणि शहर पेटते. ओम पुरी यांनी केलेला तो नत्थू, रात्रभर त्या जनावराशी झुंजणारा, घामाने निथळणारा, ज्यांनी पाहिला ते विसरलेले नाहीत. मालिकेविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली गेली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तेथे ती दाखवण्यास मान्यता मिळाली. हिंदूंची बदनामी झाली काय, मुसलमानांची झाली काय, यावर वादंग झाले. पण आपल्या प्रेक्षकाने पाहिले ते वेगळेच. दोन्ही धर्मांच्या भांडणात पहिले पाप ज्याच्या हातून करवून घेतले तो चांभार होता, आणि त्याला आपण काय करतो आहोत हेही ठाऊक नव्हते. एरवी शिवायचे नाही आणि घाण काम आले की त्यालाच बोलवायचे, ही रीत फाळणीच्या वेळची नाही. ती आजही गावागावांत ओळखीची आहे. म्हणून 'तमस' कुणाला गतकाळाची शोकांतिका वाटली असेल; आपल्याला ती कामाची वाटणी वाटली.

ही पाहण्यातील दरी केवळ जुन्या दिवसांची नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये झी मराठीवर संभाजी महाराजांवरील मालिका सुरू झाली व फेब्रुवारी २०२० पर्यंत चालली. माझ्या वर्गातील सर्व जातींची मुले ती पाहत होती आणि इतिहासाच्या तासाला प्रथमच आपणहून प्रश्न विचारत होती. मला त्याचा आनंद होता. मग डिसेंबर २०१७ च्या अखेरीस वढू बुद्रुकला गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळील फलकावरून तणाव निर्माण झाला आणि १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला आलेल्या लोकांवर हल्ले झाले. संभाजी महाराजांच्या देहावर अंत्यसंस्कार गोविंद गोपाळ महार यांनी केले, ही आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आठवण. त्यानंतरच्या पहिल्या तासाला वर्ग दोन रांगांत बसला होता. एका मुलाने विचारले, "मॅडम, मालिकेत दाखवतील ते खरे मानायचे की तुम्ही सांगाल ते?" मागच्या बाकावरून आपल्यातला एक मुलगा म्हणाला, "आमचे आजोबा सांगतात त्याचे काय?" मला तात्काळ उत्तर देता आले नाही. तो तास मी पुरावा म्हणजे काय, यावर घेतला : बखर कोण लिहितो, कोणासाठी लिहितो, आणि ज्यांना लिहिण्याचीच बंदी होती त्यांची आठवण इतिहासाने कोठे शोधायची. दोन्ही रांगांनी ऐकले. रांगा मात्र त्या दिवशी मोडल्या नाहीत.

येथवर परक्यांच्या पडद्यावर आपण आपला माणूस शोधत होतो. २०१९ साली आपलाच महानायक पडद्यावर आला. सागर देशमुख यांनी बाबासाहेब उभे केले. आदर्श शिंदे यांच्या आवाजातील शीर्षकगीत वस्तीवस्तीत वाजू लागले. वडील आता थकले आहेत. पण "आपला माणूस आला," असे म्हणून ते मालिकेच्या वेळी अंगात स्वच्छ सदरा घालून बसत. रमाईचे कष्ट पाहताना आमच्या गल्लीतील बायकांना आपापल्या आया दिसल्या. हे मी हलके मानत नाही. ज्या समाजाला पडद्यावर वर्षानुवर्षे मशाल धरून उभे केले, त्याने आपले घर, आपली भाकरी, आपले दुःख मध्यभागी पाहणे ही साधी गोष्ट नाही.

पण येथेच आपल्याला सावध व्हावे लागेल. मालिका हा प्रकार मुळात घरात चालणाऱ्या गोष्टीचा. अश्रू, विरह, गरिबी, जिद्द तिला सहज दाखवता येते. साउथबरो समितीपुढील १९१९ ची साक्ष, १९३७ चे खोती पद्धती रद्द करण्याचे विधेयक, ७ नोव्हेंबर १९३८ चा मुंबईतील कामगारांचा संप, यांतला विचार तिच्या हाताला लागणे अवघड. मग एका बाजूला माझ्या सहकाऱ्यांसारखा प्रेक्षक तयार होतो : हुशार मुलगा, कष्ट, यश, ज्यांनी छळले ती वाईट माणसे, आणि तो काळ गेला. दुसऱ्या बाजूला आपल्या घरात प्रेक्षकाचा भक्त होऊ लागतो. मागच्या एका परीक्षेत महाडच्या सत्याग्रहावरील प्रश्नाला एका मुलीने मालिकेतील प्रसंग संवादांसह लिहून दिला. २० मार्च १९२७ ही तारीख नव्हती, नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव नव्हता, त्याआधीचा बोले यांचा विधिमंडळातील ठराव नव्हता. ती मुलगी आपलीच. तिला मी गुण किती द्यावेत? २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातील व्यक्तिपूजेविरुद्ध जो इशारा दिला तो त्यांच्या स्वतःच्या प्रतिमेलाही लागू आहे, हे आपण विसरता कामा नये.

आणखी एक गोष्ट आपण आपल्याशीच बोलली पाहिजे. बाबासाहेबांची मालिका १७ ऑक्टोबर २०२० ला पूर्ण झाली. त्याच वर्षी जानेवारीत सोनी मराठीवर 'सावित्रीजोती' सुरू झाली होती. डिसेंबरअखेर ती संपवली गेली. पुरेसा प्रेक्षक मिळाला नाही, असे कारण पुढे आले. वाहिन्यांचा हिशेब आपल्याला ठाऊक आहे. थोड्या निवडक घरांत मोजणीची यंत्रे असतात, त्यांवरून जाहिरातीचा दर ठरतो, आणि जाहिरातदाराला हवा असतो तो खरेदी करणारा प्रेक्षक. ही मोजणी आपल्या बाजूची नाही. पण सारा दोष मोजणीवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. बाबासाहेबांसाठी सदरा घालून बसणारी घरे जोतीराव-सावित्रीबाईंसाठी का बसली नाहीत? ज्या मुक्ता साळवेचा निबंध मी वर सांगितला, ती ज्या शाळेत शिकली त्या शाळेची ही गोष्ट होती. आपण फक्त आपल्या जातीचा माणूस पडद्यावर शोधू लागलो, तर ओट्यावरच्या माणसाहून आपण वेगळे ते काय?

आपल्याकडे दूरचित्रवाणीच्या आधीपासून इतिहास सांगण्याची एक रीत होती. जोतीरावांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' नाटक लिहिले ते त्यासाठीच. पुढे सत्यशोधकी जलसे झाले, भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे झाले. त्यांतही गाणे होते, वेश होता, हशा होता, डोळ्यांत पाणीही होते. पण जलसा पाहणारा माणूस गप्प बसत नसे. तो सवाल करी, जबाब ऐके, आणि दुसऱ्या दिवशी गावकीच्या कामाला नकार देण्याचे बळ घेऊन उठे. पडदा सवाल ऐकत नाही. म्हणून सवाल करण्याची जागा पडद्यासमोर आपणच निर्माण केली पाहिजे.

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. महिन्यातून एकदा, त्याच समाजमंदिरात जेथे कधी संच बंद ठेवला होता, आम्ही एखाद्या मालिकेचा भाग एकत्र पाहतो. आणि मग तीन प्रश्न घेतो. यात कोणाला नाव आहे आणि कोणाला नाही? हे घडले याचा कागद किंवा आठवण कोणाकडे आहे? आणि यातले काय आज आपल्या गावात चालू आहे? रामायण असो, पेशवाई असो, की बाबासाहेबांचे चरित्र असो, प्रश्न तेच. पहिल्या बैठकीला सात माणसे होती, त्यांत चार बायका. आई भिंतीला टेकून बसली होती. तिसरा प्रश्न वाचून दाखवल्यावर पाणवठ्यापासून ते शाळेतल्या पोषण आहाराच्या पंगतीपर्यंत बायका एकामागून एक बोलू लागल्या, आणि रात्रीचे अकरा वाजले तरी कोणी उठेना. माझ्या त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनाही मी पुढच्या बैठकीला बोलावले आहे. ते येतो म्हणाले आहेत. आले तर त्यांना मी आईशेजारी बसवणार आहे.